वसंतातलं श्रमदान: रानात काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी, पक्षीनिरीक्षणावर इथे भरपूर धागे आहेत पण रानाच्या देखभालीवर फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी एका छोट्या राखीव रानात श्रमदानाला जातो. मधे तळं, एका अंगाला गवताळ माळ, बाकी झुडपं आणि थोडी जुनी मोठी झाडं. पायवाटा मोकळ्या करणं, प्लॅस्टिक उचलणं, तळ्यातली जलपर्णी ओढून काढणं, घाणेरीची (लँटानाची) झुडपं उपटणं अशी कामं असतात. थंडी सरली की लोकांना हुरूप येतो, नवीन माणसं जोडली जातात, आणि प्रत्येकाला आल्या आल्या हातात विळा नाहीतर कोयता हवा असतो. पण नेमकी हीच वेळ असते जेव्हा त्याच झुडपात कुणीतरी काडी काडी जमवून घरटं बांधायला घेतलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की वसंतात आपण आधी निरीक्षक आणि मग कामकरी. ज्या जागेवर हत्यार चालवायचं ती जागा आधी दोन-तीन सकाळी गुपचूप बसून बघितलेली असली पाहिजे, आणि तिथे काय दिसलं याची नोंद हातात असल्याशिवाय कामाची यादीच करू नये. आमच्यात यावरून दोन तट पडलेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की तण आत्ता कोवळं आहे, फुलून बी पडायच्या आत काढलं नाही तर पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागेल. तेही खोटं नाही. म्हणून अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, मला इथली उत्तरं आमच्या ग्रुपला वाचायला द्यायची आहेत.

रानजाई

चांगला धागा. मी तुमच्या बाजूची.

लोक म्हणतात आम्ही झुडूप हलवून बघितलं, घरटं दिसलं नाही, म्हणून कापलं. अहो घरटं दिसू नये म्हणूनच तर ते तिथे बांधलंय! घरटं शोधायचंच नाही, पक्षी काय करतोय ते बघायचं. लांबून, एका जागी बसून. चोचीत काडी, मऊ तंतू, कोळ्याचं जाळं घेऊन एकाच दिशेला परत परत जाणारा पक्षी म्हणजे बांधकाम चालू आहे. चोचीत अळी आहे पण गिळत नाहीये, फांदीवर बसून इकडे तिकडे बघतोय आणि मग झटकन आत शिरतोय, म्हणजे आत पिल्लं आहेत. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे बाहेर येताना चोचीत पांढरी छोटी पिशवी असते. ती पिल्लांची विष्ठा, तिच्यावर पातळ आवरण असतं त्यामुळे आई-बाप ती अलगद उचलून लांब नेऊन टाकतात, घरटं स्वच्छ राहतं आणि वासावरून शत्रू येत नाही. हे एकदा नीट बघितलं की माणूस त्या झुडपाजवळ कोयता न्यायचा नाही.

आणि तुम्हाला बघून पक्षी सारखा चिकचिक करून ओरडत असेल तर तुम्ही फार जवळ आलाय. तो तसं करतोय तोवर पिल्लं उपाशी आहेत. दोन पावलं नाही, चांगलं वीस-पंचवीस पावलं मागे जा.

पाऊलवाट

मी दुसऱ्या तटातला म्हणा हवं तर :) 

तुमच्या भावना समजतात पण आक्रमक झाडांशी लढताना असं हळवं होऊन चालत नाही. घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेली आणि आज आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे रानंच्या रानं तिने गिळली आहेत. खाली दुसरं काही उगवू देत नाही, गुरांनी पाला खाल्ला तर विषबाधा होते, वाळली की आग पकडते. पक्षी तिची फळं खातात आणि बी पसरवतात. एक हंगाम सोडला तर आपण केलेलं सगळं काम पाण्यात. मला सांगा, घरट्यासाठी म्हणून थांबायचं तर मग काढायची कधी? कारण पावसात लोक येत नाहीत, थंडीत सुट्ट्या जुळत नाहीत, माणसं हाताशी असतात ती याच दिवसांत.

रानजाई

@पाऊलवाट, मुद्दा रास्त आहे, लोक याच दिवसांत मिळतात हेही खरं. पण काढायची का नाही हा वादच नाहीये, कुठून सुरुवात करायची आणि किती काढायची हा आहे.

सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींचं काम माहीत आहे का? १९६० च्या दशकात त्या घराजवळच्या रानातून फिरताना रोज थोडं थोडं परकं तण हाताने उपटायच्या, आणि त्यातून त्यांनी जी पद्धत बसवली ती आज ब्रॅडली पद्धत म्हणून जगभरातले श्रमदानवाले वापरतात. तिचे नियम तीनच. जिथे रान सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरुवात करा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरका. जमीन शक्य तितकी कमी उकरा, वरचा पालापाचोळा परत जागेवर पसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्थानिक झाडं ज्या वेगाने परत येतात त्याच्या पुढे जाऊ नका.

आपण बरोबर उलटं करतो. जिथे घाणेरीची भिंत उभी आहे तिथे तुटून पडतो कारण संध्याकाळी फोटोत "आधी आणि नंतर" छान दिसतं. मग ती उघडी पडलेली जमीन कोण घेतं? घाणेरीचीच रोपं, नाहीतर दुसरं एखादं तण. आणि त्या भिंतीत बुलबुलाची घरटी असतात ती गेली ती वेगळीच. घाणेरी वाईट हे मान्य, पण आत्ता या घडीला तेच त्यांचं घर आहे.

तेव्हा वसंतात दाट जाळीला हात लावू नका. त्याऐवजी चांगल्या रानात शिरलेली सुटी सुटी रोपं हाताने उपटा. ती कुठे सापडतील? मोठ्या झाडांच्या खाली. पक्षी फळं खाऊन तिथे बसतात आणि बी खाली पडतं. बोटाएवढं रोप मुळासकट सहज निघतं, घरटं त्यात असूच शकत नाही, आणि नव्या माणसाला पाच मिनिटांत शिकवता येतं.

पाऊलवाट

हे पटलं. झाडाखालची रोपं हा विचार खरंच केला नव्हता आम्ही.

मोठ्या झुडपांबद्दल माझ्याकडूनही एक भर घालतो. कोयत्याने वरून छाटली की घाणेरी दुप्पट जोमाने फुटते, हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी रीत बसवली. खोडाच्या बुडाशी माती थोडी बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं, कारण फुटवे येतात ते खोड आणि मूळ जुळतं त्या भागातून, आणि मग अख्खं झुडूप उचलून उलटं, मुळं वर करून ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही. रसायन नाही, मशीन नाही, जमीनही फार उकरली जात नाही. आम्ही हे काम आता पिल्लं उडून गेल्यावर पण फळं धरायच्या आधी बसतंय का बघतो. नाहीच बसलं तर थंडीत, मग सुट्ट्यांचं काय ते बघू.

थंडप्रदेशी

मी सध्या जिथे राहतो तिथे वसंत म्हणजे बर्फ वितळणं, त्यामुळे आमच्याकडची गंमत जरा वेगळी. पहिली चाहूल लागते ती बेडकांची. तळ्याच्या उथळ कडेला एका सकाळी बेडकाच्या अंड्यांचे जेलीसारखे गोळे तरंगताना दिसतात, प्रत्येक पारदर्शक मण्यात मधोमध एक काळा ठिपका. भेकाची, म्हणजे टोडची, अंडी ओळखायला सोपी, ती गोळ्यात नसतात, पाणवनस्पतींना गुंडाळलेल्या लांब दोऱ्यांत असतात. रोज जाऊन बघितलं तर गोल ठिपका आधी लांबट होतो, मग स्वल्पविरामासारखा वाकतो, मग हलायला लागतो. मुलांना न्यायचं असेल तर याच्याइतकं चांगलं काही नाही.

ब्रिटनमध्ये या दिवसांत स्वयंसेवक रात्री रस्त्यावर उभे राहतात. भेक पिढ्यानपिढ्या त्याच तळ्याकडे परततात आणि मधे रस्ता झालेला असला तरी वाट बदलत नाहीत. ओलसर, जरा उबदार रात्र आली की अंधार पडल्यावर शेकड्यांनी निघतात आणि गाड्यांखाली चिरडतात. मग लोक बॅटरी आणि बादली घेऊन, चमकदार जाकिटं घालून त्यांना उचलून रस्त्यापलीकडे नेऊन सोडतात. ज्या दिशेला तोंड असेल त्याच दिशेला सोडायचं, नाहीतर तो परत मागे फिरतो. फ्रॉगलाइफ नावाची संस्था हे सगळं जुळवते. श्रमदान म्हटलं की दरवेळी काहीतरी कापायचं किंवा खणायचंच असं थोडीच आहे.

बेडकांवरून आठवलं, बूट! कायट्रिड बुरशीने जगभरात बेडूक-भेक वर्गातल्या पाचशेहून जास्त प्रजातींची संख्या घसरली आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहे. ही बुरशी ओल्या चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. एका तळ्यावर काम करून त्याच बुटांनी दुसऱ्या तळ्यावर जाऊ नका. ब्रशने चिखल काढा, जंतुनाशकाने पुसा, आणि कडकडीत वाळवा. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, ही बुरशी कोरडं सहन करत नाही.

नवखा_निरीक्षक

सगळं वाचतोय, खूप नवीन माहिती मिळतेय. एक बेसिक प्रश्न, मला दुर्बीण घ्यायची आहे, कुणी म्हणतं दहाची घे कुणी म्हणतं आठची. आणि सकाळी किती वाजता जायचं? मी दहाच्या सुमारास जातो तर काहीच दिसत नाही.

दुर्बीणवाली

@नवखा_निरीक्षक, ८×४२ घ्या, डोळे झाकून. आठ म्हणजे किती पटीने मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहाच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो पण हात हलला की तोही तेवढाच जास्त हलतो आणि दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळे झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

दहाला फारच उशीर होतो हो. उजाडायच्या आधी पोचून बसा. वसंतात नर पक्षी आपली हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला पहाटे सगळ्यात जास्त गातात, पहिल्या तासाभरात जे ऐकाल ते दिवसभरात ऐकायला मिळणार नाही. डोळ्यांआधी कान वापरा. आवाज कुठून आला, तो परत त्याच फांदीवरून येतो का, त्याला पलीकडून कुणी उत्तर देतं का, हे वहीत साध्या नकाशावर टिंबं टाकून लिहा. तीन-चार सकाळी एकाच जागी टिंबं जमली की समजायचं इथे एका जोडीची हद्द आहे. ओढ्याकाठचा म्हणतात ती नोंद हीच.

आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, हात जोडून विनंती. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, तो घरटं, खाणं सोडून भांडायला येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची अर्धी सकाळ जाते. आणि तुमच्यामागून दुसरा येतो, तोही तेच वाजवतो.

जुनं_झाड

मला वाळलेल्या झाडांबद्दल लिहायचंय कारण त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. श्रमदान म्हटलं की पहिलं काम काय, तर मेलेलं झाड पाडा, पडलेले ओंडके गोळा करा, पाला झाडून जाळा, "स्वच्छता" झाली. मला हे बघवत नाही.

फिनलंडमध्ये यावर बराच अभ्यास झालाय, तिथल्या जंगलातल्या २० ते २५ टक्के प्रजाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत असं दिसलंय. बुरशी, भुंगेरे, त्यांच्या अळ्या, त्या खाणारे सुतार पक्षी. सुतार वाळक्या खोडात ढोली कोरतो, त्याचं विणीचं काम झालं की तीच ढोली मैना, पोपट, दयाळ, पिंगळा यांच्या कामी येते, यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही ना. म्हणजे एक वाळकं खोड पाडलं की सुतारांची एक जोडीच जात नाही, पुढची कितीतरी वर्षं तिथे राहणारे सगळेच बेघर होतात.

पायवाटेवर पडेल अशी भीती असेल तर नुसत्या धोकादायक फांद्या आणि शेंडा उतरवा, खोड उभं ठेवा. आणि तेही वसंतात नको. ओंडके उचलू नका, सरकवूही नका, खाली कोण अंडी घालून बसलंय सांगता येत नाही.

लाकडी घरटी लावणाऱ्यांसाठी पण एक सांगतो. ती आत्ता टांगायला धावू नका, आधीच्या हंगामातच लागलेली बरी, म्हणजे पक्ष्यांना ओळखीची होतात. भोकाचं माप बघा, चिमणीला ३२ मिलिमीटर पुरतं, त्याहून मोठं केलं तर दुसरे घुसतात. भोकाखाली बसायला काडी लावू नका, ती फक्त शत्रूच्या उपयोगाची. दुपारचं ऊन थेट तोंडावर येणार नाही अशी दिशा. आणि आतली जुनी गादी विणीचा हंगाम पूर्ण संपल्यावरच काढायची, मधे उघडून "बघूया काय झालं" अजिबात नको.

दुर्बीणवाली

जुनं_झाड यांना शंभर टक्के अनुमोदन. अळ्यांबद्दल पण कुणीतरी बोला म्हणते, मीच बोलते. पानं कुरतडलेली दिसली की लोक फवारणी मागतात. अमेरिकेत कॅरोलायना चिकडी नावाचा मुठीत मावेल एवढा पक्षी आहे, त्याच्या एका घरट्यातली पिल्लं मोठी व्हायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात! दाणे खाणारे पक्षीसुद्धा बहुतेक करून पिल्लांना किडेच भरवतात. कुरतडलेलं पान म्हणजे रान जिवंत असल्याची खूण आहे.

आणि यात वेळ फार नाजूक असते. युरोपातला चितकबरा माशीमार आफ्रिकेतून वसंतात परत येतो. नेदरलँड्समध्ये उबदार वसंतामुळे अळ्या लवकर निघायला लागल्या, पक्षी मात्र त्या मानाने उशिराच पोचत राहिला, आणि जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यात आधी संपत होता तिथे त्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली असं २००६ च्या अभ्यासात आहे. आपण हवामान थांबवू शकत नाही पण निदान आपल्या हाताने अळ्या तरी मारू नये.

थंडप्रदेशी

म्हणूनच तारखा लिहून ठेवणं महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, पहिलं फूल, पहिलं पान, पहिला बेडूक ओरडला, पहिला भिंगरी पक्षी दिसला, आणि त्यांच्या घराण्याने ही नोंद १९५८ पर्यंत चालवली. क्योटोमधल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर इ.स. ८१२ पासूनच्या मिळतात. त्या लिहिणाऱ्यांना हवामानबदल हा शब्दही माहीत नव्हता पण आज शास्त्रज्ञ त्याच तारखांवर काम करतायत. तेव्हा श्रमदानाच्या प्रत्येक वेळी एका माणसाला फक्त वही द्या. तेही कामच धरा.

टिपूर_चांदणं

माळाबद्दल कुणीच बोललं नाही. जमिनीवर घरटी करणारे सगळ्यात जास्त पायदळी जातात.

टिटवीचं घरटं म्हणजे काय, चार खडे आणि जराशी खोलगट जागा. अंडी मातकट, त्यावर काळपट डाग, एक हातावर असली तरी दिसत नाहीत. तुम्ही चालत जवळ गेलात की टिटवी ओरडत डोक्यावरून झेप घेते, नाहीतर पंख मोडल्यासारखा घासत लंगडत दुसरीकडे नेते. तिच्यामागे जाऊन पुढे पाऊल टाकू नका, जिथून आलात त्याच पावलांवर मागे या. उन्हाच्या वेळी तिला घरट्यावरून उठवलं तर अंडी तापतात. भर उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि मग अंड्यांवर बसते, एवढी काळजी ती घेते, आणि आपण माळावर क्रिकेट लावतो.

आमच्या ग्रुपने एक केलं, माळावरची वाट एकच ठेवली, बाकीच्या सगळ्या चोरवाटांवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. घरट्याजवळ खुणेचा झेंडा मात्र लावू नका, कावळे आणि कुत्री हुशार असतात, लगेच शिकतात. आणि गवत कापायचंच असेल तर पिल्लं उडाल्यावर, आणि मधून बाहेरच्या बाजूला कापत या म्हणजे आत लपलेल्यांना पळायला जागा राहते. कडेने गोल गोल कापत आत गेलात तर सगळे मधल्या तुकड्यात अडकतात.

नवखा_निरीक्षक

परवा झाडाखाली एक पिल्लू सापडलं, पिसं होती पण उडता येत नव्हतं. एकाने सांगितलं हात लावलास तर आई घेणार नाही, दुसऱ्याने सांगितलं घरी नेऊन भरव. नक्की काय करायचं?

रानजाई

दोन्ही चूक. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतंच, ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळपासच असतात, तुम्ही हललात की भरवायला येतात. वाटेत किंवा मांजराच्या तोंडाशी असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. पिसं नसलेलं उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. जखमी असेल तर मात्र वनविभाग किंवा प्राणी वाचवणाऱ्यांना कळवा, स्वतः पाणी पाजायला जाऊ नका, चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन मरतात.

टिपूर_चांदणं

अजून एक, ईबर्डवर किंवा आयनॅचरॅलिस्टवर नोंदी जरूर टाका पण घुबडाचं किंवा शिकारी पक्ष्याचं घरटं असेल तर नेमकी जागा टाकू नका आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. धोक्यातल्या प्रजातींची जागा ही संकेतस्थळं आपणहून झाकतात, पण साध्या पक्ष्याचं घरटं झाकत नाहीत, ते आपणच झाकायचं.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ग्रुपला धागा वाचायला दिला आणि काल बसून ठरवलं ते लिहितो.

रानाचे कागदावर चार भाग केले. प्रत्येक भागाला दोन जण, पहाटे वही घेऊन, टिंबं टाकायची. ज्या भागात टिंबं जमली तिथे पिल्लं उडेपर्यंत कुठलंही हत्यार नाही. विळे-कोयते कुलपात गेले, किल्ली @पाऊलवाट यांच्यासारखाच विचार करणाऱ्या एका मित्राकडे दिली आहे आणि तो खुशीने तयार झाला. नवीन लोकांना झाडांखालची घाणेरीची रोपं, तळ्याकाठची मासेमारीची तुटकी नायलॉन दोरी आणि गळ (पक्ष्यांच्या पायात अडकतात), प्लॅस्टिक, आणि माळावरच्या चोरवाटा बंद करणं एवढी कामं. जलपर्णी ओढायचं काम पाणपक्ष्यांची घरटी नसलेल्या बांधाच्या बाजूनेच, आणि ओढलेला ढीग काठावर थोडा वेळ ठेवायचा म्हणजे त्यात आलेले बेडूक, गोगलगायी परत पाण्यात जातील. वाळकी झाडं सगळी राहणार.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, तेव्हा चारही वह्या एकत्र मांडून बघू. कोणत्या भागात काय निघालं ते इथेच टाकतो. @दुर्बीणवाली, तुमच्या त्या टिंबांच्या नकाशाचा एखादा नमुना काढून इथे टाकता येईल का? आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो प्रकार नवीन आहे.

दुर्बीणवाली

टाकते उद्या. तोवर एवढंच करा, नराचं गाणं साधं टिंब, दोन नर एकाच वेळी गात असतील तर दोन टिंबांमधे तुटक रेघ, चोचीत काडी किंवा अळी दिसली तर टिंबाला गोल. ती तुटक रेघ विसरू नका, दोन हद्दी वेगळ्या आहेत हे तिच्यावरूनच कळतं.